शोभेचं झाड

“नुसतं शोभेचं झाड आहे ते,” असं आमच्या नांदेड-लातूरकडं कुणी म्हणालं की समजावं, झाड निकालात निघालं. लिंबाची काडी दाताला, बाभळीचं लाकूड औताला, चिंच बाजाराला. ज्याचं काहीच घेता येत नाही ते शोभेचं. यामागं अरसिकता नाही, पाण्याचा हिशेब आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. रेल्वेतून उतरलेलं पाणी ज्यांनी भरून ठेवलं, त्यांचा हात शोभेच्या झाडाला तांब्याभर पाणी घालतानाही आखडणारच.

हाच शब्द मनात घेऊन मी भायखळ्याच्या राणीच्या बागेत शिरलो. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरलो होतो, काम दुपारचं होतं. बाग १८६२मध्ये लोकांसाठी उघडली. तेव्हा ती व्हिक्टोरिया गार्डन होती, आज वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. जिजाऊंचं सिंदखेडराजा आमच्या जालन्याच्या शेजारचं, त्यामुळं फाटकावरची पाटी वाचून परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटलं नाही. बहुतेक माणसं पेंग्विन नाहीतर वाघ बघायला येतात. जरूर बघावेत. पण ही बाग मुळात झाडांची, प्राणी इथं मागाहून आले. सुमारे ५३ एकरांत जगाच्या कानाकोपऱ्यातली झाडं उभी आहेत आणि मोटारींचा गोंगाट भिंतीपलीकडं राहतो.

इथं मला उर्वशी भेटली. हिवाळा सरत आला होता. आधी दिसली ती पालवी. आपल्याकडं आंब्याची पालवी कोवळी असतानाही हवेत डोकं काढून असते. उर्वशीची कोवळी पानं तांबूस, लिबलिबीत, पिळून वाळत टाकलेल्या फडक्यासारखी खाली लोंबतात. नव्या माणसाला वाटावं, झाड सुकलंय. हिरवा रंग आणि ताठपणा पानांत सावकाश येतो.

मग घोस. तेही खाली लोंबणारे, हातभर लांब. म्हणून हे झाड लांबून बघण्यात अर्थ नाही, खाली जाऊन मान वर करायची. एक फूल डोळ्यांपाशी आणलं. लालचुटूक लांब देठ, त्याच्या टोकाला पंखांसारखी उघडलेली दोन लाल पानं. त्यांना मी पाकळ्याच समजलो होतो. खऱ्या पाकळ्या त्यांच्या पुढं. वरची सगळ्यांत मोठी, पंख्यासारखी पसरलेली, टोकाला पिवळाधमक डाग. तिच्या दोन्ही अंगांना दोन निमुळत्या, त्यांचीही टोकं पिवळी. पाकळ्या एकूण पाच. उरलेल्या दोन इतक्या चिमुकल्या की शोधाव्या लागतात. मधून पुंकेसर पुढं झेपावलेले, दहांतले नऊ बुडाशी एकमेकांना जोडलेले. वास जवळजवळ नाही. सगळा जीव रंगात आणि ठेवणीत ओतलेला.

हे झाड मूळचं ब्रह्मदेशातलं. १८२७मध्ये नॅथॅनियल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाला ते साल्वीन नदीकाठी एका मठाच्या मोडकळीला आलेल्या बागेत दिसलं. जवळच्या गुहांमध्ये बुद्धमूर्तींपुढं त्याच्या फुलांच्या ओंजळी वाहिलेल्या होत्या. वॉलिचनं त्याचं शास्त्रीय नाव गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट यांच्या पत्नी आणि मुलीवरून ठेवलं. आपल्या लोकांनी उर्वशी म्हटलं, आणि मला तेच नाव खरं वाटतं. रानात हे झाड क्वचितच कुणाला सापडलंय. त्याला बीही फार कमी धरतं, बहुतेक वेळा गुटी बांधूनच वाढवावं लागतं. म्हणजे मठातल्या भिक्षूंनी आणि नंतरच्या माळ्यांनी केवळ देखणं म्हणून जपलं नसतं, तर उर्वशी आज कुठं दिसली असती? तिच्या बाबतीत शोभा ही उपयोगाला जोडलेली वरकड गोष्ट नाही. शोभेनंच तिला जिवंत ठेवलंय.

या एका झाडानं बाकीची बाग वाचायला शिकवलं. कैलासपतीचं फूल खोडावरच लागतं. औंढा-परळीच्या वाटेवर वाढलेल्या माझ्या डोळ्यांना त्यात पिंड आणि तिच्यावरचा फणा आधी दिसला. पण नीट बघितलं तर तो फणाही पुंकेसरांचाच. फुलात मध नसतो. फण्यातले पराग हा कीटकांचा खाऊ, आणि तो खायला शिरलेल्याच्या पाठीला खालच्या कड्यातले खरे पराग लागतात. आपण जिथं देव बघतो तिथं झाडानं पाहुण्याचं पान मांडलेलं असतं. दोन्ही बघावं, एकानं दुसरं कमी होत नाही.

गोरखचिंचेपुढं मात्र मी गप्प उभा राहिलो. हे आफ्रिकेचं झाड. हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातला तिचा अजस्र बुंधा मी लहानपणी बघितलेला. बुंध्याच्या भुसभुशीत लाकडात ती पाणी साठवते आणि कोरड्या दिवसांत सगळी पानं टाकून देते. लातूरच्या माणसाला हे झाड समजावून सांगावं लागत नाही.

घरी परतलो तेव्हा फाटकावरची मधुमालती फुललेली होती. तीस वर्षं तिच्याखालून जातोय. संध्याकाळी पांढरं उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, पुढं लाल. एकाच घोसात तिन्ही वयं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा थांबून बघितलं आणि वेलाला बादलीभर पाणी घातलं, भांडी विसळलेलं.

मुंबईला कामानिमित्त गेलात, तर दोन तास राखून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत जा आणि उर्वशीच्या अगदी खाली उभे राहा. बाग बुधवारी बंद असते.