फ्रीजवरची यादी आणि डोहाळजेवणाचं ताट

गेल्या महिन्यात वहिनीचं डोहाळजेवण झालं. सातवा महिना, हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, आणि शेवटी दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. वहिनीने उचललेल्या झाकणाखाली बर्फी निघाली, सगळ्या हसल्या, फोटो झाले. मग पंगत बसली आणि तिथे तिला तिळाचा लाडू कुणी वाढू दिला नाही. "उष्ण पडेल गं," मावशी म्हणाली, आणि त्याऐवजी तिच्यापुढे मठ्ठ्याचा दुसरा ग्लास ठेवला.

नेहमीच्या वाचकांना माहीत आहे की माझं पीएचडीचं काम दुधाच्या पदार्थांतल्या जिवाणूंवर आहे. त्यामुळे घरात कुणी गरोदर असलं की मला फोन येतात. पनीर चालेल का, खरवस चालेल का, दिवाळीचा खवा कसा ओळखायचा. वहिनीने तर फ्रीजवर एक कागदच चिकटवला होता: "गरोदरपणात हे खाऊ नये". त्यात तेवीस पदार्थ होते. काही मावशीने सांगितलेले, काही फोनवर आलेल्या मेसेजमधले, काही कुठल्याशा अ‍ॅपमधले. पुस्तकाचं परीक्षण लिहितात तसं मी आज या यादीचं परीक्षण लिहिणार आहे. तुमच्याही घरी अशी एखादी यादी असेल. कागदावर नसली तरी कुणाच्या तरी तोंडात असेलच.

यादी कुणी लिहिली?

यादी नीट वाचली तर तिच्यात तीन वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकू येतात.

पहिला आवाज आजीचा. पपई, अननस, तीळ, गूळ, बाजरी: सगळं उष्ण. दुसरा आवाज परदेशी माहितीपत्रकाचा. सॉफ्ट चीज, स्मोक्ड सॅमन, डेली मीट. आमच्या घरात यातलं काहीच कधी आलेलं नाही, तरी ते यादीत आहे, कारण अ‍ॅपने जसंच्या तसं भाषांतर करून दिलं. तिसरा आवाज दिवाळीच्या बातम्यांचा: भेसळीचा खवा, रंगीत मिठाई.

या तिन्ही भीती वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत आणि यादी त्यांना एकाच रांगेत उभं करते. पहिला माझा आक्षेप हाच आहे. खव्यात स्टार्च मिसळलेला असेल तर तुमची फसवणूक झालेली असते, पण बाळाला त्याने अपाय होईलच असं नाही. उलट अगदी शुद्ध खव्याची मिठाई ओल्या हाताने वळून दिवसभर उकाड्यात उघडी ठेवली असेल, तर ती शुद्ध असूनही आजारी पाडू शकते. भेसळ आणि दूषित होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "चांगल्या दुकानातून आणलंय" हे उत्तर पहिल्या प्रश्नाला चालतं, दुसऱ्याला प्रत्येक वेळी चालेलच असं नाही.

पपईचा पेपर

पपई यादीत पहिल्या नंबरवर आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये एक पेपर छापला. प्रश्न नेमका आपलाच होता: गरोदरपणात पपई धोकादायक आहे ही आशियातली समजूत खरी की खोटी? त्यांनी गाभण उंदरांना पिकलेल्या पपईचा रस दिला. नुसतं पाणी दिलेल्या उंदरांशी तुलना केली तेव्हा जिवंत गर्भांच्या संख्येत लक्षणीय फरक आढळला नाही. मग त्यांनी पपईचा चीक थेट उंदरांच्या गर्भाशयाच्या स्नायूवर घालून पाहिला. तेव्हा मात्र स्नायू जोराने आकुंचन पावला, प्रसूतीच्या कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनने पावतो तसा.

म्हणजे आजी अर्धी बरोबर होती. चीक कच्च्या पपईत भरपूर असतो, पूर्ण पिकलेल्या फळात जवळपास नसतो. हा प्रयोग उंदरांवरचा आहे, माणसांवरचा नाही, हे विसरू नका. त्यामुळे मी स्वतः सांगेन की कच्ची पपई टाळा, पिकलेली खुशाल खा. पण यादीत फक्त "पपई" लिहिलंय. कच्ची की पिकलेली, किती, कशी शिजवलेली, यातलं काहीच नाही. गंमत म्हणजे पिकल्या पपईची फोड नाकारणारी आमची मावशी वहिनीला टूटीफ्रूटी घातलेला केक आग्रहाने वाढते. टूटीफ्रूटी कच्च्या पपईचीच करतात!

चीजच्या ओळीमागे काय आहे?

परदेशी माहितीपत्रकातली ओळ मात्र हसण्यावारी नेऊ नका. १९८५ साली लॉस एंजलिस भागात मेक्सिकन पद्धतीच्या ताज्या मऊ चीजमधून लिस्टेरिया नावाच्या जिवाणूची साथ आली. १४२ जण आजारी पडले, त्यांतल्या ९३ गरोदर बायका किंवा त्यांची नवजात बाळं होती. मृत्यू ४८ झाले आणि त्यांत पोटातले २० गर्भ होते. आईला थोडा ताप आणि अंगदुखी, आणि बाळ गेलेलं, असा हा आजार असतो. दूध तापवलं की लिस्टेरिया मरतो, पण नंतर पदार्थात शिरला तर फ्रीजच्या थंडीतही तो वाढत राहतो.

माझा आक्षेप भाषांतराला आहे. "सॉफ्ट चीज" हे नाव उचलून आणलं आणि त्यामागचं कारण तिकडेच राहिलं. कारण असं आहे: पदार्थ ओलसर आहे, तापवल्यानंतर त्याला हात किंवा पाणी लागलंय, तो बराच वेळ ठेवलाय, आणि खाण्याआधी पुन्हा गरम केलेला नाही. या चार खुणा आपल्या स्वयंपाकघरात लावून बघा. आपण दूध तापवल्याशिवाय वापरत नाही, ही आपली फार मोठी जमेची बाजू. पण सुट्टं पनीर कच्चंच खाणं, आदल्या दिवशीची रसमलाई, सकाळी फळं चिरून केलेलं आणि दुपारी तीनच्या पंगतीत वाढलेलं फ्रूट सॅलड, किंवा पंचामृतातलं न तापवलेलं दूध या खुणांमध्ये बसतं. वाफाळते उकडीचे मोदक बसत नाहीत. चकली, चिवडा, शंकरपाळी तर अजिबात नाहीत, त्यांच्यात जिवाणू वाढायला पाणीच नसतं. पेढ्यात साखर जास्त आणि पाणी कमी, म्हणून तोही रसमलाईइतका काळजीचा नाही.

जे यादीत नाहीच

आता मठ्ठ्याकडे येते. वहिनीने दोन ग्लास प्यायले. छान झाला होता, आलं, कोथिंबीर, जिरं. नंतर मी सहज आचाऱ्यांना विचारलं, पाणी कुठलं घातलं? हॉलच्या मागच्या ड्रममधलं. ड्रम कधी धुतला होता ते कुणालाच सांगता आलं नाही.

हिपॅटायटिस ई हा काविळीचा विषाणू मुख्यतः मैला मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. बहुतेक लोक यातून आपोआप बरे होतात. गरोदर बाईची गोष्ट वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्या तिमाहीत हा आजार झाला तर २० ते २५ टक्के बायका दगावू शकतात. हा पाश्चात्त्य माहितीपत्रकातला आजार नाही, आपल्याकडचा आहे. १९५५-५६ साली दिल्लीत पुराचं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तेव्हा या विषाणूला नावही नव्हतं, त्याची ओळख पुढे कित्येक वर्षांनी पटली. आपल्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, तीही याच विषाणूची.

वहिनीच्या तेवीस पदार्थांच्या यादीत पाणी हा शब्द एकदाही नाही. बर्फ नाही, पन्हं नाही, पाणीपुरी नाही. पपईला पहिला नंबर आणि पाण्याला जागाच नाही! या यादीतली सगळ्यात मोठी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच दाखवेन. (वहिनी ठणठणीत आहे, काळजी नको. तो आमचा शहाणपणा नव्हता, नशीब होतं.)

न खाण्याची किंमत

अशा याद्यांना एकच रकाना असतो: "खाऊ नये". न खाल्ल्याने काय होईल हा रकाना नसतो. जणू न खाणं फुकट असतं.

पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये १९९०च्या दशकात पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी झाला. २००१ साली छापलेल्या त्याच्या एका पेपरमधले आकडे मी दरवेळी थांबून वाचते. अठराव्या आठवड्याच्या सुमारास या बायकांच्या पोटात दिवसाला सरासरी साधारण १,७७० किलोकॅलरी जात होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी शेतात राबत होत्या. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २,६६५ ग्रॅम. बाळाच्या आकाराशी संबंध कशाचा दिसला? नुसत्या कॅलरी किंवा प्रथिनांचा नाही. दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे फळांमुळेच बाळ मोठं झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. पुढे मुंबईच्या वस्त्यांमध्ये हेच प्रयोग करून तपासलं. बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला. सरसकट सगळ्यांत बाळांचं वजन फारसं वाढलं नाही. गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायकांत ते सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. फरक लहान आहे. पण दिशा बघा, आणि मग यादीतून काय काय काढून टाकलंय ते बघा: फळं, तीळ, बाजरी. १०० ग्रॅम सालासकट तिळात हजार मिलीग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय आहे (२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२.२ टक्के). ज्या ताटात आधीच कमी आहे, त्याच ताटातून आपण आणखी काढतो.

गोडाचंही तसंच. गरोदरपणातला मधुमेह निघाला असेल तर जिलेबीचा प्रश्न खरा आहे, आणि तो साखर तपासूनच सुटतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायची ती चाचणी टाळू नका. ती नॉर्मल असेल तर सणाला एक पुरणपोळी खाल्ली म्हणून अपराधी वाटायचं कारण नाही.

"काय खाल्लं होतंस?"

हे पुढचं वहिनीला विचारून लिहितेय. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला गर्भ दहाव्या आठवड्यात गेला. भेटायला आलेल्यांपैकी तिघींनी तरी विचारलं, "काही उष्ण खाल्लं होतंस का गं?" संक्रांत नुकतीच झाली होती. तिने तिळाच्या दोन वड्या खाल्ल्या होत्या. त्या दोन वड्या ती अजून विसरलेली नाही. फ्रीजवरची यादी तिथून आली.

पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये गुणसूत्रांची चूक सापडते. ती चूक बहुतेकदा गर्भ राहतानाच झालेली असते, त्यानंतर काय खाल्लं याच्याशी तिचा संबंध नसतो. तिळाच्या दोन वड्यांनी गर्भ जातो असा कुठलाही पुरावा मला सापडलेला नाही, आणि मी आपुलकीने, रात्र रात्र शोधलाय. यादीचा हा दोष मला सगळ्यात जास्त टोचतो. ती वाचवते कमी आणि आरोप जास्त करते. तेवीस गोष्टी टाळायच्या म्हटल्यावर एखादी तरी राहूनच जाते, आणि मग काही वाईट झालं की दोष बाईचा, असं आधीच ठरलेलं असतं.

मावशीवर माझा राग नाही. तिच्या काळी सोनोग्राफी नव्हती, रक्ततपासणी नव्हती. हातात होतं ते ताट, म्हणून तिने ताट राखलं. पण आता आपल्याला कारणं माहीत आहेत, तर यादीही कारणांची हवी.

आम्ही तो कागद काढून दुसरा लावलाय. त्यावर पाचच ओळी आहेत. पाणी उकळलेलं, बाहेरचं पन्हं-मठ्ठा-बर्फ नाही. दूध तापवलेलं, पनीर शिजवलेलं. जेवण गरम असताना खायचं, चिरलेलं फळ लगेच संपवायचं. कच्ची पपई नाही. रोज एक पालेभाजी, एक फळ, एक ग्लास दूध. डॉक्टरांनी तिच्यासाठी काही वेगळं सांगितलं तर ते याच्या वर.

मावशीने कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात तीळ कुठंय?" मी म्हटलं, "नाहीये." ती थोडा वेळ गप्प बसली. मग डब्यातला एक लाडू काढून वहिनीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "अर्धाच खा."