तीन पावलांचे साम्राज्य : अवकाश-आख्यान आणि बळीची बाजू

‘स्पेस ऑपेरा’ ही संज्ञा विल्सन टकर यांनी १९४१ साली प्रथम वापरली, ती हेटाळणीच्या सुरात. पुढे या प्रकाराच्या रसिकांनीच त्यातील साम्राज्य, वसाहत आणि बंड या आशयसूत्रांचा गंभीरपणे विचार सुरू केला. मराठीत अशा अवकाश-आख्यानांची ठळक परंपरा निर्माण झाली नाही. आपल्या वाचकाला ती मुख्यतः चित्रपटांतून आणि इंग्रजी पुस्तकांतून भेटली. तथापि वसाहतीचा अनुभव ज्याच्या इतिहासात आहे तो वाचक ही आख्याने कोणाच्या बाजूने वाचतो, हा प्रश्न मराठी समीक्षेच्या कक्षेतला आहे.

वसाहतवाद आणि विज्ञानकथा यांचे नाते जुने आहे. एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ (१८९८) या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडवर चाल करून येतात, तेव्हा निवेदक युरोपीयांनी टास्मानियातील मूळ रहिवाशांचा जो संहार केला त्याची आठवण देतो. जेता येथे जिताच्या जागी उभा केला जातो. ‘स्टार वॉर्स’मध्ये (१९७७) मात्र साम्राज्य एका महाकाय शस्त्रात एकवटते आणि ते शस्त्र उडवून देणे हाच प्रतिकाराचा कळस ठरतो. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मध्ये (१९८३) अरण्यातील इवॉक जमात दगड आणि ओंडके घेऊन साम्राज्याच्या यंत्रांशी झुंजते. प्रेक्षक त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवतो. परंतु त्यांचे बोलणे त्याला कळते ते सोनेरी यंत्रमानवाने अर्थ सांगितला तरच. ती जमात या दुभाष्यालाच देव मानते. ज्यांची भूमी, त्यांच्या वाट्याला साहाय्यकाची भूमिका आणि ज्याच्याजवळ भाषा, त्याला देवत्व, ही विभागणी वसाहतवादी प्रवासवर्णनांच्या वाचकाला अपरिचित वाटू नये.

येथे मराठी वाचकाजवळ एक निराळे मिथक आहे. वामनाने बळीकडे सैन्य घेऊन जाऊन युद्ध केले नाही. त्याने तीन पावले भूमी मागितली, शब्द घेतला आणि मग दोन पावलांत पृथ्वी व आकाश व्यापले. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) ही कथा बळीच्या बाजूने वाचली. वामन हा त्यांना बाहेरून आलेल्या आक्रमकाचा प्रतिनिधी वाटला आणि बळी येथल्या कष्टकऱ्यांचा राजा. इंग्रजी सत्तेचा पायाही केवळ तोफांवर उभा नव्हता. १७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, ती बादशहाच्या फर्मानाने. साम्राज्य प्रथम मागणी आणि करार यांच्या रूपाने येते, ही जाणीव बळीकथेत आहे. शस्त्रकेंद्री अवकाश-आख्यानात ती क्षीण आहे.

जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. ती अवकाश-आख्यान नव्हे. तिच्यातले संकट आकाशातून उतरत नाही. ते लोप पावलेल्या एका प्रगत संस्कृतीच्या, जमिनीखाली सापडलेल्या ठेव्यातून वर येते. त्या ज्ञानातून घडलेल्या यंत्रमानवाचे नाव वामन. लाभाच्या रूपाने स्वीकारलेली वस्तू माणसालाच परावलंबी करू शकेल, हे या नावातून सुचते. तिच्या इंग्रजी रूपाचे नाव वामनाच्या परतण्याची सूचना देते. मराठी शीर्षकात तो परत न आल्याचा सुस्कारा आहे आणि हा सुस्कारा बळीचा आहे. तथापि कादंबरीचे केंद्र वैज्ञानिकांचे वर्तुळ हेच राहते. बळीची प्रजा तिच्यात बोलत नाही.

हा मुद्दा मला पनवेलच्या वर्गात प्रकर्षाने जाणवला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. गोळीबाराच्या कितीतरी आधी तेथे संपादनाची नोटीस पोचली होती. परग्रहावरील नव्या वसाहतीची कथा शिकवताना एका प्रकल्पग्रस्त कुटुंबातील विद्यार्थिनीने विचारले, “सर, नकाशा काढला तेव्हा तिथे कोणाची शेती होती?” आपण शेतकऱ्याला बळीराजा म्हणतो, हे तिला वेगळे सांगावे लागले नाही.

बळीचे राज्य हेही एक राज्यच, असा आक्षेप येथे संभवतो आणि तो रास्त आहे. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ या मागण्यात गतवैभवाची ओढ आहे, जशी ती अवकाशातील बंडखोरांच्या गणराज्य-पुनःस्थापनेच्या स्वप्नातही आहे. म्हणून बळीच्या बाजूने वाचणे म्हणजे बळीची आरती करणे नव्हे. शब्द कोणी दिला, कोणाच्या वतीने दिला आणि ज्यांच्या भूमीवर पाऊल पडले त्यांना कोणी विचारले होते काय, हे प्रश्न संहितेला विचारणे असा त्याचा अर्थ. मराठीत उद्या अवकाश-आख्यान लिहिले गेले, तर त्याने ग्रहावर यान उतरवण्यापूर्वी त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर द्यावे.