‘ओव्हर’ची अर्थगणना : एक परीक्षण

एखाद्या शब्दाला अर्थ किती, या प्रश्नाचे उत्तर कोशकाराला द्यावेच लागते, कारण क्रमांक घातल्यावाचून कोश छापता येत नाही. भाषाशास्त्राला मात्र ही मोजणी नेहमीच अडचणीची ठरली आहे. इंग्रजीतील ‘ओव्हर’ या शब्दाच्या चर्चेत ती अडचण जितकी उघडी पडली, तितकी अन्यत्र क्वचितच पडली असेल. क्लॉडिया ब्रुगमन यांनी १९८१ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात या एकाच शब्दावर प्रबंधिका सादर केली आणि त्याच्या शंभराच्या घरात जाणाऱ्या अर्थच्छटा नोंदविल्या. जॉर्ज लेकॉफ यांनी १९८७ च्या ‘विमेन, फायर अँड डेंजरस थिंग्ज’ या ग्रंथात ते विवेचन विस्ताराने पुढे नेले.

या विवेचनाचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. विमान टेकडीवरून जाते, दिवा मेजाच्या वर लोंबतो, घर टेकडीपलीकडे असते, कुंपण कोसळते, खेळ संपतो. या साऱ्या ठिकाणी इंग्रज ‘ओव्हर’ वापरतो. जुने कोश अशा प्रयोगांची केवळ यादी देत. ब्रुगमन आणि लेकॉफ यांनी ‘वरून आडवे ओलांडणे’ हा अर्थ मध्यवर्ती धरला आणि बाकीचे अर्थ त्यापासून एकेका पायरीने कसे दूर जातात, हे दाखविले. खेळ ‘ओव्हर’ होतो, तो ओलांडण्याचा मार्ग पुरा झाला म्हणून. यादीच्या जागी त्यांनी कुल उभे केले, आणि ही गोष्ट लहान नव्हे.

दोष आहे तो कुलातील माणसे मोजण्याच्या रीतीत. ओलांडणारी वस्तू ओलांडल्या जाणाऱ्या वस्तूला स्पर्श करते की नाही, खालची वस्तू उंच आहे की पसरट, यांवरून लेकॉफ पोटभेद पाडतात. पक्षी अंगणावरून उडाला, हा एक. माणूस टेकडीवरून चालत गेला, हा दुसरा. आता मराठीकडे पाहावे. ‘पक्षी झाडावरून गेला’ यात स्पर्श नाही. ‘माणूस पुलावरून गेला’ यात आहे. म्हणून ‘वरून’ला दोन अर्थ आहेत, असे कोणी म्हणेल काय? पक्षी उडतो आणि माणूस चालतो, हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. शब्दाने ते पुन्हा सांगण्याचे कारण नाही. जे अन्य मार्गाने कळत नाही तेवढाच शब्दाचा अर्थ, हा मीमांसकांचा दंडक येथे लावला, तर शंभरांपैकी बहुतेक छटा वाक्याच्या खात्यात जमा होतात. स्पर्श जेथे खरोखर शब्दात असतो तेथे भाषा तसे रूपच वेगळे करते. ‘मेजावर दिवा’ म्हटले की तो मेजाला टेकलेला, आणि ‘मेजाच्या वर दिवा’ म्हटले की बहुधा अधांतरी.

अँड्रिया टायलर आणि व्हिव्हियन एव्हान्स यांनी २००१ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकातील निबंधात आणि पुढे २००३ च्या ग्रंथात जवळजवळ हाच आक्षेप घेतला. त्यांच्या मते स्वतंत्र अर्थ मानण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्यात : त्यात इतर अर्थांहून काही अधिक असावे, आणि निदान काही प्रयोगांत ते अधिक संदर्भावरून काढता येऊ नये. या चाळणीतून पंधराच्या आसपास अर्थ उरतात. ‘टेकडीपलीकडे’ हा त्यांतला एक, आणि त्याचे स्वतंत्रपण मराठीच्या तुलनेने अधिक ठसते. घर टेकडीच्या ‘ओव्हर’ आहे असे इंग्रज म्हणतो तेव्हा तो मार्गाचे शेवटचे टोक दाखवितो. मराठीतील ‘वरून’मध्येही मार्ग आहे, परंतु ‘टेकडीवरून घर दिसते’ म्हटले की टेकडी हे पाहणाऱ्याचे ठिकाण होते, आणि पलीकडचे टोक सांगण्यास ‘पलीकडे’ हाच शब्द लागतो. अर्थात मार्गाच्या कल्पनेतून शेवटच्या टोकाचा अर्थ आपोआप निघत नाही. इंग्रजीने तो रूढ केला आहे आणि शिकणाऱ्यास तो स्वतंत्रपणे शिकावा लागतो.

झाकण्याच्या अर्थाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तिने तोंडावर हात ठेवला, येथे इंग्रजीत ‘ओव्हर’ आणि मराठीत ‘वर’ आहे, आणि दोन्हीकडे खाल-वर काहीच नाही. तरी वाटा निराळ्या. इंग्रजी उंचीकडून आच्छादनाकडे आलेली दिसते. मराठी ‘भिंतीवर चित्र’ या स्पर्शाच्या वाटेने. शत्रूवरील विजय, मुलांवरील वचक अशा सत्तेच्या प्रयोगांत तर दोन्ही भाषा उघडपणे एकाच उंचीच्या रूपकावर उभ्या आहेत. तेव्हा भाषांतरातला शब्द जुळला म्हणून अर्थ एक, किंवा न जुळला म्हणून अर्थ दोन, हा हिशेब दोन्ही बाजूंनी फसवा आहे. आपल्याकडील इंग्रजी-मराठी शालेय कोश मात्र मराठी प्रतिशब्द मोजूनच इंग्रजी अर्थ मोजतात, आणि विद्यार्थी ‘वर, वरून, पलीकडे, -भर, अधिक, संपलेला’ अशी माळ पाठ करतो.

टायलर-एव्हान्स यांची दुसरी अटही वाटते तितकी घट्ट नाही. संदर्भावरून काय काढता येते, हे काढणाऱ्याच्या चातुर्यावर अवलंबून राहते. डर्क गीरार्ट्स यांनी १९९३ मध्येच दाखविले होते की, अनेकार्थता ओळखण्याच्या प्रचलित कसोट्या एकमेकींशी जुळत नाहीत. डॉमिनिक सान्द्रा आणि सॅली राइस यांनी १९९५ मध्ये अशा अर्थजालांविषयी विचारले की, हे चित्र कोणाच्या मनाचे, भाषाशास्त्रज्ञाच्या की बोलणाऱ्याच्या? त्यासाठी त्यांनी भाषकांवर प्रयोगही केले. ‘ओव्हर’वरील पुढच्या लेखनाने हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने घेतलेला दिसत नाही.

क्रिकेटमधील ‘ओव्हर’ या साऱ्यातून बहुधा बाहेर ठेवला जातो. पंचाच्या पुकाऱ्यातून तो नाम बनला, आणि चेंडूंची संख्या त्याच्या अर्थात कधीच शिरली नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये १८८९ पर्यंत चार, मग पाच आणि १९०० पासून सहा, ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडू असूनही शब्द तोच राहिला. मराठीने त्याला ‘षटक’ म्हटले. आठ चेंडूंचे षटक म्हणताना मराठी जिभेला जी अडचण होते, ती इंग्रजीला कधी झाली नाही.