स्थानभ्रष्ट सूर : ‘तीन पैशाचा तमाशा’ आणि बहुशैलीय हास्य

एखाद्या कलाकृतीत अनेक शैली एकत्र नांदत असल्या आणि शिवाय ती कलाकृती हसवणारी असली, म्हणजे मराठी समीक्षा बहुधा दोनांपैकी एका संज्ञेचा आधार घेते. नापसंती व्यक्त करावयाची असेल तर ‘भेसळ’ आणि कौतुक करावयाचे असेल तर ‘विडंबन’. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही संज्ञांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. प्रत्येक शैलीचे एक हक्काचे घर असते आणि त्या घराबाहेर ती आढळली तर ती एक तर बिघडलेली असते किंवा चेष्टेसाठी उसनी आणलेली असते, असे ते गृहीतक होय. या गृहीतकामुळे बहुशैलीय विनोदी संगीताचे आकर्षण नेमके कशात आहे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. तो तपासण्यासाठी मराठीत ‘तीन पैशाचा तमाशा’इतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

पु. ल. देशपांडे यांनी केलेले हे रूपांतर १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. त्याच्या संगीतामागे भिन्न संस्कारांची माणसे होती. भास्कर चंदावरकर हे सतारवादक आणि ‘घाशीराम कोतवाल’चे (१९७२) संगीतकार. आनंद मोडक यांनी सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’मध्ये (१९७४) कीर्तनाचा आकृतिबंध मृत्यूच्या प्रहसनासाठी राबविला होता. अंकुशची भूमिका करणारे नंदू भेंडे मुंबईच्या इंग्रजी रॉक संगीतातून आले होते. अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास साकारला होता. नाट्यपदाची फिरत, लोकसंगीताचा ठेका आणि पाश्चात्त्य पॉप-रॉकचा उद्घोष हे सारे एकाच प्रयोगात, एकमेकांच्या शेजारी, मध्ये कोणतीही भिंत न घालता उभे राहिले.

ही बहुशैलीयता मूळ संहितेच्या वंशातच होती. जॉन गे यांचा ‘द बेगर्स ऑपेरा’ १७२८ मध्ये लंडनमध्ये रंगभूमीवर आला, तेव्हा त्याने लोकांच्या ओठांवरच्या चाली उचलून तत्कालीन प्रतिष्ठित इटालियन ऑपेराला शह दिला. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी त्याच कथानकाला जॅझच्या वळणाची नृत्यगीते, कॅबेरे आणि चर्चमधील प्रार्थनागीताचा घाट अशा परस्परविसंगत सुरांचा साज चढविला. मूळ चालींपैकी वाइलने एकच ठेवली. म्हणजे या परंपरेत निष्ठा चालींशी नसून पद्धतीशी आहे. आपल्या काळात, आपल्या गावात जे सूर प्रतिष्ठित आहेत आणि जे बदनाम आहेत, त्यांना एका पंक्तीला बसविणे, ही ती पद्धत. पन्नास वर्षांनी पुण्यात तिचा पुन्हा अवलंब झाला, तेव्हा चाली बदलणे अपरिहार्यच होते. मराठी संगीत नाटकालाही हे सर्वस्वी परके नव्हते. ‘संगीत शाकुंतल’पासून (१८८०) या रंगभूमीने नाना ठिकाणच्या चाली आपल्याशा केल्या होत्या. मात्र तेथे त्या एका रसाच्या सेवेत विरघळत. येथे त्या विरघळण्यास नकार देतात.

या नकाराचे स्वरूप समजून घेण्यासाठी समकालीन रॉक संगीताकडे पाहणे उपयोगी ठरते. फ्रँक झापा आणि त्यांच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ या वाद्यवृंदाने १९६८ मध्ये ‘वुई आर ओन्ली इन इट फॉर द मनी’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या वेष्टनाने आदल्या वर्षीच्या बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स’च्या सुप्रसिद्ध मुखपृष्ठाची टर उडविली, आणि आतील गाण्यांनी प्रस्थापितांना आणि हिप्पींना सारखेच धारेवर धरले. या ध्वनिमुद्रिकेतही एक शैली स्थिरावते न स्थिरावते तोच दुसरी तिला छेद देते. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ज्या शैलीची थट्टा होते ती बहुधा तिच्या अंगभूत कौशल्यासह वाजविली जाते. वादकाला ती येत नाही म्हणून हसू येत नाही. ती त्याला पुरेपूर येते आणि तरीही तो तिच्यावर विश्वास ठेवीत नाही, म्हणून येते.

शैलींच्या या स्थलांतराचा विचार आपल्या काव्यशास्त्रात एका वेगळ्या अंगाने झालेला आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघतो आणि त्याला वश करण्यासाठी साहित्यविद्यावधू त्याच्यामागे देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रदेशात तिचा वेष, नृत्य आणि वाणीची रीती बदलते. गौडी रीतीने तो वश होत नाही, पांचालीने थोडाफार होतो आणि वैदर्भीने पूर्णपणे होतो. त्यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लागतो. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. या नगरावरूनच वैदर्भी रीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ असे नाव मिळाले. कथा रम्य आहे, पण तिच्यातील सिद्धांत त्याहून महत्त्वाचा आहे. शैली अनेक असू शकतात, मात्र त्यांचा प्रवास एका मुक्कामाकडे होतो. अनेकत्व ही पायरी आहे आणि एकत्व हे शिखर.

‘तीन पैशाचा तमाशा’चे संगीत ही कथा जणू उलटी सांगते. त्यात कोणतीही रीती शिखर नाही. नाट्यपद संपल्यावर रॉक येते ते नाट्यपदाहून खाली किंवा वर म्हणून नव्हे. दोन्ही सूर एकाच बाजारात उभे आहेत आणि दोघांचीही किंमत ठरलेली आहे, हे शेजारामुळे ऐकू येते. भिकाऱ्यांचा धंदा, चोरांची प्रतिष्ठा आणि पोलिसांची मैत्री दाखवणाऱ्या या नाटकात सभ्यतेचा पोशाख जसा भाड्याने मिळतो, तसाच भावनेचा सूरही. प्रेमाला अमुक चाल, पश्चात्तापाला अमुक चाल, असा जो संकेत श्रोत्याने आजवर निसर्गनियमासारखा मानला होता, तो येथे उघडा पडतो. वाइलचे संगीत कथानकाला भावनिक आधार देत नाही, त्याच्यावर भाष्य करते, असे नेहमी म्हटले जाते. मराठी प्रयोगाने या भाष्यासाठी आपल्याच संकेतांचा कोश वापरला, हे त्याचे खरे रूपांतर होय.

या हास्याचे शास्त्रही आपल्याला अपरिचित नाही. भरताने हास्याची उत्पत्ती शृंगाराच्या अनुकृतीत पाहिली आणि अभिनवगुप्ताने ती व्यापक करून अनौचित्य हेच हास्याचे कारण मानले. जेथे रसाचा आभास होतो तेथे हास्याचा उगम होतो. ही मांडणी प्रस्तुत संगीताला लागू पडते, पण एका पुरवणीसह. आभास निर्माण होण्यासाठी रस क्षणभर तरी खरा वाटला पाहिजे. गायकाने नाट्यपद मुद्दाम बेसूर गायिले असते तर श्रोता सुरुवातीपासूनच सावध राहिला असता. त्याला हसू आले असते ते केवळ गायकाचे. सुरेल गायिल्यामुळे श्रोता आधी मान डोलावतो आणि मग, आपण कशावर मान डोलावली हे ध्यानात येऊन, हसतो. ते हसू त्याच्या स्वतःच्या सवयीवर असते. बहुशैलीय विनोदी संगीताचे आकर्षण या दुहेरी क्षणात आहे. त्यामुळे त्याला ‘विडंबन’ म्हणणे अपुरे पडते. विडंबनात उपहास आधी येतो. येथे आधी आस्वाद घडतो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. आस्वाद जर आधी येत असेल, तर तो तेथेच थांबणार नाही कशावरून? इतिहासाची साक्ष आक्षेपाच्या बाजूने आहे. ज्या मध्यमवर्गाला बोचावे अशी ब्रेख्तची अपेक्षा होती, त्याच वर्गाने बर्लिनमधील प्रयोग डोक्यावर घेतला. नाटकातील खुनी नायकाचे आरंभगीत ‘मॅक द नाइफ’ या नावाने १९५९ मध्ये बॉबी डॅरिनच्या आवाजात अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय गाणे ठरले. सुऱ्याची धार गेली आणि ठेका उरला. आपल्याकडेही अशा संगीताची गाणी नाटकापासून सुटी काढली की ती ‘विविध रंगी’ कार्यक्रमाचा भाग बनू शकतात. हा धोका नाकारता येत नाही. तथापि तो गाण्यांच्या दोषातून उद्भवत नाही. शेजार नाहीसा झाला की भाष्य नाहीसे होते, एवढेच त्यातून सिद्ध होते. येथे अर्थाचे एकक गाणे हे नसून गाण्यांची लगत हे आहे. सबंध ध्वनिमुद्रिका एक कृती म्हणून ऐकावी, असा आग्रह सत्तरच्या दशकातील प्रोग्रेसिव्ह रॉकने धरला, त्यामागेही काही अंशी हेच तत्त्व होते.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे आणि तो काळाशी निगडित आहे. स्थानभ्रष्ट सूर ओळखण्यासाठी त्याचे मूळ स्थान ठाऊक असावे लागते. १९७८ च्या प्रेक्षकाच्या कानात नाट्यसंगीत मुरलेले होते आणि रॉक त्याला नुकतेच, काहीशा धाकाने, परिचित होत होते. आज वाशीम किंवा कारंजा येथे मराठी साहित्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानात भारूड आणि गोंधळ असू शकतात, चित्रपटगीत असतेच. पण नाट्यपद ही त्याच्या दृष्टीने बहुधा पाठ्यपुस्तकातील वस्तू असते आणि रॉक ही जुनी गोष्ट असते. त्याला ही सारी गाणी नुसतीच निरनिराळी वाटतील. विसंगत वाटणार नाहीत. विसंगती गेली की हास्य जाते आणि उरते ती स्मरणरंजनाची किंवा वैविध्याची सौम्य मौज. चंदावरकर २००९ मध्ये, मोडक आणि भेंडे २०१४ मध्ये निवर्तले. आता त्या संगीताच्या बाजूने बोलण्याचे काम समीक्षेवर येऊन पडले आहे.

ते काम गौरवाचे नसून पुनर्रचनेचे आहे. कोणता सूर कोणाच्या मालकीचा समजला जात होता, कोणत्या ठेक्याला दिवाणखान्यात मज्जाव होता, कोणत्या आलापाला आपोआप आदर मिळत होता, हा सांकेतिक नकाशा मांडल्याशिवाय ‘तीन पैशाचा तमाशा’ची संहिता शिकविणे म्हणजे विनोद समजावून न सांगता हसण्याची अपेक्षा करणे होय. विनोद समजावून सांगितला की तो मरतो, असे म्हणतात. मात्र ज्या विनोदाचे संदर्भच मरू घातले आहेत, त्याला जगविण्याचा अन्य मार्ग दिसत नाही. वत्सगुल्मातील विवाहाने रीतींचा प्रवास संपला, असे राजशेखराने मानले. या संगीताने तो प्रवास पुन्हा सुरू केला. त्यात वधू प्रत्येक गावी वेष बदलते, पण कोठेही वरमाला घालीत नाही. तिचे हे न थांबणे हा दोष नसून आशय आहे, एवढे मान्य झाले तरी ‘भेसळ’ आणि ‘विडंबन’ या दोन शब्दांपलीकडे जाण्याची वाट मोकळी होईल.