संदर्भोल्लेखांची मोजणी आणि विंचूदंशावरील संशोधन

संशोधकाची योग्यता त्याच्या निबंधांच्या संख्येवरून आणि इतरांनी केलेल्या त्यांच्या संदर्भोल्लेखांवरून ठरविण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानासाठी संदर्भसूचीची कल्पना मांडली, तेव्हा एका निबंधावरून त्याच्याशी निगडित अशा पुढील निबंधांपर्यंत वाचकास पोहोचविणे हा तिचा प्रधान हेतू होता. वाट दाखविणारे हे साधन पुढे मोजपट्टी बनले. २००५ साली हिर्श यांनी सुचविलेल्या एच-निर्देशांकाने तर संशोधकाचे सारे कार्य एका आकड्यात आणून ठेवले. निर्देशांक १० असणे म्हणजे १० निबंधांचा प्रत्येकी किमान १० वेळा उल्लेख झालेला असणे. त्या निबंधांत काय सिद्ध झाले, याविषयी हा आकडा मौन पाळतो.

हे मौन किती महाग पडू शकते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या प्रकाशनांवरून ध्यानात येते. १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करीत असता, लाल विंचवाच्या दंशाने दगावणारे रुग्ण त्यांनी जवळून पाहिले. दंशानंतर उलटी, दरदरून घाम व हातपाय गार पडणे ही लक्षणे हृदयावरील पुढील संकटाची पूर्वसूचना होत, हे त्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय थकते व फुप्फुसांत पाणी साठते. ही साखळी प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाने तोडता येते, असे त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकातील एका लहानशा लेखात दाखविले.

या प्रकाशनांची चिकित्साही व्हावयास हवी. प्राझोसिनपूर्वीच्या काळातील मृत्युप्रमाण आणि नंतरचे प्रमाण यांची तुलना ही दोन भिन्न काळांची तुलना आहे. रुग्ण लवकर रुग्णालयात पोहोचू लागले असल्यास त्याचाही वाटा तीत मिसळलेला असणार. केवळ तेवढ्या पुराव्यावर औषधाचे सारे श्रेय सिद्ध होत नाही. परंतु २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याच दोघांनी ७० रुग्णांवरील यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध केली. तीत केवळ प्राझोसिन दिलेल्या रुग्णांस बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले, तर प्रतिविषाची जोड दिलेल्यांस ८ तास. चाचणी खुली होती, म्हणजे कोणास काय दिले हे वैद्यांस ठाऊक होते. ही तिची मर्यादा होय. तथापि आपल्याच उपचाराची अपूर्णता पंचवीस वर्षांनी स्वतः मोजून जाहीर करणे, ही संशोधनवृत्तीची खरी खूण आहे. कोणत्याही निर्देशांकात तिला रकाना नाही.

संदर्भोल्लेखांची संख्या विषयाच्या विस्तारावरही अवलंबून असते. कर्करोगावर लिहिणारे जगभर असंख्य आहेत. विंचूदंश हा मुख्यतः भारत, उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया व लॅटिन अमेरिका येथील ग्रामीण जनतेचा प्रश्न. त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून उल्लेख करणारेही थोडेच. शिवाय अशा निबंधाचा खरा वाचक आरोग्य केंद्रातील वैद्य असतो. तो रात्री गोळी देतो, रुग्ण सकाळी उठून बसतो. या वाचनाची नोंद कोणत्याही सूचीत होत नाही.

याचा अर्थ प्रकाशन गौण आहे असा नव्हे. बिरवाडीचा अनुभव नोंदवहीतच राहिला असता, तर तो इतरांस पडताळता आला नसता. मान्यवर नियतकालिकाच्या परीक्षणातून गेल्यामुळेच तो ज्ञान ठरला. मोजणीही निरुपयोगी नाही. एखादा विचार कोठवर पोहोचला, याचा माग तिने लागतो. दोष आहे तो मोजणीस वाचनाच्या जागी बसविण्याचा.

शिवाजी विद्यापीठासारख्या, आसपासच्या ग्रामीण प्रदेशाशी बांधलेल्या संस्थेत हा विवेक विशेष अगत्याचा ठरतो. येथील विद्यार्थ्याने विषय निवडताना प्रथम संभाव्य उल्लेखांचा हिशेब मांडला, तर आपल्या परिसरातील व्याधींकडे तो सहसा वळणार नाही. परीक्षकाने निबंध समोर ठेवून प्रश्न कोणता होता, पुरावा किती भक्कम आहे आणि त्यामुळे व्यवहारात काय पालटले, हे पाहावे. आकडा त्यानंतर पाहण्यास हरकत नाही.