पाणबुडीची चाल : एका व्हिडिओ गेमातील वेगकल्पनेचे परीक्षण

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या परिसरातील विद्यार्थी ज्या व्हिडिओ गेमांविषयी आपसांत तावातावाने बोलतात, त्यांपैकी 'सबनॉटिका' हा एक होय. अननोन वर्ल्ड्स या अमेरिकन संस्थेने तो जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. परग्रहावरील समुद्रात यान कोसळले आहे, त्यातून वाचलेल्या एका माणसाने पाण्यातच अन्न, निवारा आणि वाहने सिद्ध करून तगून राहावयाचे आहे, एवढे त्याचे कथानक. त्यातील सर्वांत मोठ्या पाणबुडीचे नाव 'सायक्लॉप्स' असून ती ५४ मीटर लांब आहे. ती हाती आली की खेळणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हिचा वेग वाढवावयाचा कसा? प्रस्तुत लेखात हा प्रश्न खेळाच्या रचनेच्या आणि त्याभोवतीच्या बोलीच्या अंगाने तपासावयाचा आहे. व्हिडिओ गेम हा परीक्षणाचा विषय होऊ शकतो काय, हा वाद येथे उपस्थित करण्याचे प्रयोजन नाही. ज्या कृतीत कर्त्याने काही द्यावयाचे नाकारले आहे आणि त्या नकाराला अर्थ आहे, ती कृती परीक्षणास पात्र असते.

सायक्लॉप्सच्या बाबतीत असा नकार स्पष्ट आहे. तिच्यावर चढवावयाची उपकरणे पुष्कळ आहेत. अधिक खोल जाता यावे म्हणून, विजेचा व्यय कमी व्हावा म्हणून, आग विझावी म्हणून. परंतु वेग वाढविणारे उपकरण मात्र त्यांत नाही. खेळणाऱ्याच्या हाती आहेत त्या इंजिनाला द्यावयाच्या तीन आज्ञा : मंद, मध्यम आणि निकराची. तिसरी आज्ञा दिली की पाणबुडी वेगाने जाते खरी, पण आवाज वाढतो आणि त्या आवाजाच्या रोखाने महाकाय जलचर येतात. वीज झपाट्याने संपते. इंजिन तापते, आणि इशारा मिळूनही आज्ञा मागे घेतली नाही तर पेट घेते. आपल्या आवाजाची मात्रा चालकास समोरच्या पडद्यावर सतत दिसत असते. वेगाचा आकडा मात्र त्या मानाने गौण राहतो. रचनाकारांनी कशाला प्राधान्य दिले, हे एवढ्यावरून कळून येते.

या रचनेस वास्तवाचा पुष्कळच आधार आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती सुमारे आठपट लागते. पंखा फार जोराने फिरला की त्याच्या पात्यांपाशी बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात, आणि तो आवाज शत्रूच्या श्रवणयंत्रास दुरून ऐकू जातो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीच्या सातव्या प्रकारच्या पाणबुड्या पृष्ठावर सुमारे १७ नॉट वेगाने जात. पाण्याखाली तोच वेग साडेसात नॉटांच्या आसपास येई. नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. या हिशेबाने पाण्याखालचा तो कमाल वेग ताशी १४ किलोमीटर भरतो. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली ते ३४ किलोमीटरांचे अंतर काटण्यास अशा पाणबुडीला जवळजवळ अडीच तास लागते, आणि त्यापूर्वीच तिचे विद्युत्घट रिते होते! उलट, ४ नॉटांच्या संथ गतीने तीच पाणबुडी सुमारे ८० सागरी मैल, म्हणजे वीस तास, पाण्याखाली राहू शके. माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'कलवरी' ही पाणबुडी डिसेंबर २०१७ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. तिच्या वर्गाचा वेग पाण्याखाली सुमारे २० नॉट व पृष्ठावर सुमारे ११ नॉट आहे. म्हणजे प्रमाण उलटले. घडण बदलली तरी वेगाची किंमत मोजावी लागतेच. अशा पाणबुड्याही आपला बहुतेक काळ मंदगतीनेच घालवितात.

आता भाषेकडे वळू. 'वेग' हा शब्द परिमाणवाचक आहे. तो मोजता येतो, आकड्यात सांगता येतो. 'चाल' या शब्दाची गोष्ट निराळी. चाल म्हणजे चालण्याची ढब. घोड्याची चाल अडीच घरांची असते तेव्हा ती खेळातील हालचाल. सैन्य चाल करून जाते तेव्हा तो हल्ला. आणि एखाद्याची चाल ओळखली असे म्हणतो तेव्हा ती युक्ती किंवा डाव. एकाच धातूपासून निघालेले हे सर्व अर्थ मराठी बोलणाऱ्याच्या मनात एकमेकांना लागून वसतात. सायक्लॉप्सला जी गोष्ट वाढवता वा घटवता येते तिला 'वेग' म्हणणे अपुरे आहे. ती चाल आहे. निकराची आज्ञा देणे ही एकाच वेळी गतीची निवड, खेळातील खेळी आणि स्वतःवर ओढवून घेतलेला धोका असते. इंग्रजीत या तीन गोष्टींना तीन शब्द योजावे लागतील. 'सबनॉटिका'चे यश आमच्या मते येथे आहे : त्याने वेगाची चाल केली.

खेळणारे मात्र चाल टाळून वेग मिळविण्याच्या मागे असतात. 'सीमॉथ' या लहान पाणबुडीविषयीची एक क्लृप्ती खेळणाऱ्यांत सर्वश्रुत आहे : ती नाकासमोर न नेता पुढची आणि बाजूची किंवा वरची कळ एकदम दाबून तिरपी न्यावी, म्हणजे ती अधिक वेगाने जाते. याचे मूळ साध्या भूमितीत आहे. प्रत्येक दिशेचे बळ स्वतंत्र धरून त्यांची बेरीज केली आणि बेरजेला मर्यादा घातली नाही, तर दोन दिशांचे बळ एकीच्या १.४ पट आणि तिन्ही दिशांचे १.७ पट भरते. कर्णरेषा बाजूंहून लांब असते, एवढाच यातील चमत्कार. हा दोष अनेक जुन्या खेळांतही आढळतो. मुलांना यात बुद्धीची चमक दिसते. आम्हांस ती हिशेबातील गळती वाटते. तिरप्या जाणाऱ्या सीमॉथचा आवाज वाढत नाही, तिच्यामागे कोणी लागत नाही, आणि चालकाला कसलीही निवड करावी लागत नाही. जो वेग फुकट मिळाला, त्याविषयी खेळाला काही सांगावयाचे उरत नाही.

मात्र वेगाची प्रत्येक पळवाट याच तोलाची नसते. २००५ मध्ये युबिसॉफ्टने प्रसिद्ध केलेला 'सायलेंट हंटर ३' हा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुड्यांवरचा खेळ घ्या. त्यात पाणबुडी तिच्या ऐतिहासिक वेगानेच जाते. अटलांटिकमधील गस्तीच्या जागी पोहोचावयास अनेक दिवस लागतात, म्हणून खेळणाऱ्यास काळाचा वेग वाढविण्याची मुभा दिली आहे, पाणबुडीचा नव्हे. शत्रूचे जहाज दृष्टीस पडले की काळ आपोआप पूर्ववत होतो.

ही कल्पना डोंबिवलीच्या मुलास समजावून द्यावी लागत नाही, याचे कारण त्याच्या बोलीत आहे. आपल्या परिसरात 'फास्ट' या शब्दाला एक स्वतंत्र अर्थ प्राप्त झाला आहे, आणि तो इंग्रजी कोशात सापडणार नाही. कल्याणहून सुटणारी फास्ट गाडी स्लो गाडीहून वेगळ्या जातीची नसते. डबे त्याच घडणीचे, मोटारी त्याच. ती ठाकुर्ली, कोपर, मुंब्रा, कळवा अशा स्थानकांवर बहुधा थांबत नाही, इतकेच. म्हणजे 'फास्ट'चा येथील अर्थ 'अधिक वेगवान' हा नसून 'मधले गाळणारी' हा आहे. रेल्वेच्या उद्घोषणेतील 'जलद' आणि 'धीमी' हे शब्द त्याचेच भाषांतर होत. 'सायलेंट हंटर' खेळणारा मुलगा "फास्ट कर ना, दादा, काहीच येत नाहीये" असे मोठ्या भावास म्हणतो, तेव्हा तो पाणबुडीचा नव्हे, रिकाम्या समुद्राचा विचार करीत असतो. आणि शत्रू दिसताच काळ मंदावतो तो फास्ट गाडीने ठाण्यास थांबावे तसा. येथे रचनाकाराने गाळले ते कंटाळवाणे अंतर. धोका गाळला नाही. म्हणून ही सवलत आम्ही सीमॉथच्या क्लृप्तीच्या पंक्तीस बसविणार नाही.

'सबनॉटिका : बिलो झीरो' या २०२१ च्या उत्तरकृतीविषयी थोडक्यात. तीत सायक्लॉप्स नाही. एकामागे एक डबे जोडावयाचे 'सीट्रक' नावाचे वाहन आहे. जितके डबे अधिक तितकी गती कमी, आणि हा भार हलका करणारे अश्वशक्तीचे उपकरण मात्र उपलब्ध आहे. पहिल्या कृतीने जे नाकारले ते दुसरीने देऊ केले, आणि आवाजाचा धाक नाहीसा झाला. आमच्या मते ही घसरण आहे.

राहता राहिला आज्ञांच्या भाषेचा प्रश्न. या खेळांना मराठी रूप नाही. सायक्लॉप्समधील यांत्रिक आवाज 'अहेड फ्लँक' असे उच्चारतो तेव्हा आमची मुले त्याचा अर्थ संदर्भाने ताडतात; फ्लँक म्हणजे बगल, एवढे शाळेत शिकलेल्यास तर तो अधिकच दुर्बोध वाटतो. वास्तविक कल्याणच्या खाडीवर ही उणीव जाणवू नये. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतल्यानंतर तेथे आरमारासाठी जहाजबांधणीस आरंभ झाला. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आले. त्यात गुराबा व गलबते मध्यम आकाराची असावीत, वाऱ्यावाचून हलू न शकणारी थोर जहाजे बांधण्याचे प्रयोजन नाही, असा स्पष्ट अभिप्राय आहे. कमाल वेगापेक्षा हवे तेव्हा हलता येण्याला महत्त्व देणारी ही दृष्टी सायक्लॉप्सच्या कर्त्यांना परकी वाटली नसती. त्या परंपरेतील 'हाकारणे' हे क्रियापद शिडाशी बांधलेले असल्याने पाणबुडीस लावता येत नाही. पण 'पुढे, मंद चाल', 'पुढे, मध्यम चाल', 'पुढे, निकराची चाल' या आज्ञा घडविण्यास कोणती अडचण आहे? 'निकर' या शब्दात आणीबाणी आपोआप येते. 'कमाल' वा 'सर्वोच्च' यांत ती येत नाही.

खरी अडचण वेगापाशी नसून खोलीपाशी येते. 'पाणबुडी' या शब्दातील 'बुडी' ही 'बुडी मारणे' यातील होय. परंतु क्रियापद वापरू जाताच 'बुडणे' व 'बुडविणे' यांतील नाशाचा अर्थ पुढे सरसावतो. "सब बुडव, बुडव लवकर!" असे कोणी ओरडले तर आपली पाणबुडी खाली न्यावयाची की शत्रूची फोडावयाची, याचा उलगडा होत नाही. म्हणून मुले पहिल्या अर्थी "खाली ने" किंवा "डाइव्ह मार" म्हणतात आणि 'बुडव' हा शब्द शत्रूसाठी राखून ठेवतात. ही वाटणी त्यांना कोणी शिकविलेली नाही. 'डाइव्ह मारणे' या प्रयोगात नाम परके व क्रियापद जुन्या 'बुडी मारणे'तलेच आहे, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे.