लाल शिक्क्याचं पाकीट

भिसेगावात पावसाळ्याचे चार महिने कागद जपणं हे तान्ह्या मुलाला जपण्यासारखं आहे. डोंगराकडून उतरणारी ओल भिंतीतून आत येते. कपाटातल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशीचं जाळं धरतं आणि जुन्या पाकिटांची झाकणं ओल लागून आपापली चिकटून बसतात. दोघांचा वैरी एकच, म्हणून मी दोघांना एकाच पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. डब्यात बंद पडलेला एक प्रॅक्टिका कॅमेरा आहे आणि सव्वीस हवाई पाकिटं. फोर्टातल्या पदपथावर रद्दीच्या भावात घेतली आणि पाचची कर्जत लोकल पकडून घरी आणली. सगळी रिकामी. त्यांतल्या एकावरच लिहितो, कारण ते माझं सर्वांत लाडकं आहे.

पहिल्या नजरेला ते साधंच दिसतं. पातळ कागद, कडेने तिरक्या लाल-निळ्या पट्ट्या, निळी हवाई चिठ्ठी. डाव्या कोपऱ्यात एका बुरुजाची छोटी आकृती. हा ड्रेसडेनचा एर्नेमान बुरूज. एर्नेमान ही तिथली जुनी कॅमेरा कंपनी. पुढे पूर्व जर्मनीच्या पेंटाकॉन या सरकारी कारखान्याने, माझा प्रॅक्टिका बनवणाऱ्यानेच, तो बुरूज आपली खूण म्हणून घेतला. 1945 च्या फेब्रुवारीत शहर बाँबहल्ल्यात भाजून निघालं, तरी बुरूज उभा राहिला. आजही आहे, त्यात तंत्रज्ञानाचं संग्रहालय आहे. उजव्या कोपऱ्यात तिकीट नाही. तिथे यंत्राने उमटवलेला लाल शिक्का आहे: गाव, तारीख, रक्कम.

तिकिटं जमवणारे या लाल शिक्क्याकडे नाक मुरडतात. मला तोच आवडतो. व्यापारी पाकिटांचं नशीब एरवी वाईट असतं. कुणाच्या तरी घरच्या मुलासाठी तिकिटाचा कोपरा फाडला जायचा आणि पाकिटाचा जीवच जायचा. शिक्का फाडून न्यावा असं कुणालाच वाटलं नाही. कुरूप म्हणून वाचलं, असं म्हणू या!

शिक्क्यावरची तारीख 14 मार्च 1968. पत्ता फोर्टातल्या एका दुकानाचा, टंकलेखन यंत्रावर ठोकलेला आणि शेवटी नुसतं ‘बॉम्बे-1’. सहा आकडी पिन कोड अजून यायचा होता. तो 15 ऑगस्ट 1972 ला आला आणि ती रचना टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची. संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारा हा कोकणी माणूस दिवसा पत्त्यांना आकडे बसवत होता, याचं मला अजून नवल वाटतं. तारीख पुसट झालेल्या पाकिटांचं वय ठरवायला मी पहिल्यांदा हेच पाहतो: नुसता ‘1’ की ‘400001’?

1972 चं आणखी एक महत्त्व आहे. पूर्व जर्मनीला भारताने राष्ट्र म्हणून मान्यता दिली ती त्याच वर्षी. म्हणजे हे पाकीट आलं तेव्हा दिल्लीच्या लेखी तो देश अजून नव्हता, पण फोर्टातल्या दुकानदाराच्या लेखी चांगलाच होता. 1957 च्या सुमारास परकीय चलनाची चणचण झाली आणि कॅमेऱ्यांच्या आयातीवर लायसन्सचा फास बसला. लायका, रोलायफ्लेक्स ही नावं विमानतळावरून येणाऱ्या नातेवाइकांच्या भरवशावर राहिली. पूर्व जर्मनीशी मात्र रुपयात हिशेब ठरला होता. आपला चहा, आपला ताग तिकडे, त्यांचा माल इकडे. वोल्फेनच्या कारखान्याची फिल्म 1964 पासून ‘ओर्वो’ या नावाने येऊ लागली आणि गावोगावच्या स्टुडिओत पोहोचली. बडोद्यात आग्फा क्लिक कॅमेरा जुळत होता, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने 1967 मध्ये उत्पादन सुरू करून ‘इंदू’ आणली होती. तरी लग्नाच्या फोटोवाल्याच्या पिशवीत ओर्वोचं रीळ असायचंच.

आता पाकिटाची मागची बाजू. खरा रस तिथे आहे. मुंबईचा वाटपाचा शिक्का 22 मार्चचा, म्हणजे आठ दिवस. पुढच्या बाजूला ‘आर’ची रजिस्टर चिठ्ठी आहे आणि लाल शिक्क्यातली रक्कम एका साध्या पत्राच्या मानाने चांगलीच भारी. तेव्हा आत खुशालीचं पत्र नव्हतं, वजनदार कागद होते. आतल्या बाजूला टाचणीच्या गंजाची तांबूस रेघ आहे. कागद एकत्र टाचलेले होते.

हा व्यापार चाले तो असा. कॅमेऱ्यांची खोकी बोटीने यायची, कागद विमानाने. बिल ऑफ लेडिंग, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट यांचा मूळ संच सहसा बँकेमार्फत आणि नकला थेट गिऱ्हाइकाला. त्या हाती असल्या की क्लिअरिंग एजंट आधीच तयारीला लागे. कागद उशिरा आले तर माल गोदीत पडून राही आणि डेमरेजचं मीटर पळू लागे. म्हणजे पाकिटाची ही सगळी घाई पत्राची नव्हतीच, पाठीमागून सावकाश येणाऱ्या खोक्याची होती. विमानाचं टपाल गोदीतल्या भाड्यापेक्षा स्वस्त, एवढा साधा हिशेब.

कागद पुढे, माल मागे, असं पूर्वी नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, लंडनहून 21 गिनींना चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला, तेव्हा ऑर्डर आणि माल दोन्ही बोटीनेच जायचे-यायचे. दोघांचा वेग सारखाच. पुढे 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले, 8 जून 1948 ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ लंडनला निघालं, आणि कागद नि माल यांची फारकत वाढत गेली.

1968 मध्ये तर ती विलक्षण वाढली होती. आदल्या वर्षीच्या जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुएझ कालवा बंद होता, तो थेट 1975 पर्यंत. युरोपातली बोट आफ्रिकेला वळसा घालून मुंबईला यायची. भिंगं, शटर, बेलोज आणि फिल्मचे डबे विषुववृत्ताची उष्णता दोनदा सोसत यायचे. डब्यातल्या माझ्या प्रॅक्टिकाचं शटर अडकतं, त्याला मी कधी कधी हेच कारण देतो. ते खोटं असणार, कारण तो मी फार नंतर घेतला. पण बरं वाटतं.

पाकिटाच्या डाव्या कडेला फायलीची दोन भोकं आहेत. त्यांच्या मधोमध दुकानातल्या कुणा कारकुनाने पेन्सिलीने, देवनागरीत, पत्त्याच्या इंग्रजीची भीडभाड न ठेवता लिहिलंय: ‘बोट – 2 मे’.